अंथरुणाला खिळलेला रुग्ण : कूस बदलणे, बसवणे, उठवणे

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी पाठवताना औषधांची चिठ्ठी मिळते आणि पुन्हा कधी दाखवायचे ती तारीखही मिळते. पण ज्याची एक बाजू हलत नाही अशा साठ-सत्तर किलोच्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, वर कसे सरकवायचे, खुर्चीत कसे बसवायचे, हे बहुतेक वेळा कुणी करून दाखवत नाही. घरचे लोक मग जमेल तसे करतात. काखेत हात घालून ओढतात, लुळा हात धरून बसते करतात. हेतू चांगला असतो, पण त्यातून रुग्णाचा खांदा दुखावतो, पाठीला जखमा होतात आणि करणाऱ्याची कंबर धरते.

हा लेख मुख्यतः अर्धांगवायू झालेल्या आणि घरी असलेल्या रुग्णासाठी लिहिला आहे. म्हातारपणाच्या अशक्तपणामुळे, पार्किन्सनमुळे किंवा मोठ्या आजारानंतर झोपून असलेल्यांनाही यातले बरेचसे लागू पडते. खुब्याचे ऑपरेशन आणि मणक्याची इजा यांचे नियम वेगळे आहेत. ते पुढे स्वतंत्र दिले आहेत.

पडून राहिल्याने जखम का होते?

तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा नकळत अनेकदा कूस बदलतो. एका जागी दाब वाढला की तिथे अवघडते, मेंदूला कळते आणि शरीर हलते. पक्षाघातात अवघडल्याचे कळत नाही, कळले तरी हलता येत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटलेल्या मांसातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. काही तास तसेच राहिले तर ती जागा मरू लागते. हाडाजवळचे मांस बऱ्याचदा कातडीच्या आधी खराब होते. म्हणून बाहेरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत मुठीएवढी असू शकते.

दाबाइतकेच ओढण्यानेही नुकसान होते. उशाकडची बाजू उंच केली की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. त्या वेळी माकडहाडावरची कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. रुग्णाला गादीवरून फरफटत वर ओढताना हेच होते. त्यात लघवी-शौचाचा ओलावा असेल तर कातडी आणखी लवकर फाटते.

उताण्या रुग्णाच्या डोक्याचा मागचा भाग, खांद्याची पाती, कोपरे, माकडहाड आणि टाचा रोज पाहा. कुशीवर झोपत असेल तर कान, खांदा, खुब्याचे बाहेर आलेले हाड, दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजू आणि घोटे पाहा. आंघोळ किंवा अंग पुसण्याची वेळ यासाठी सोयीची असते.

लाल चट्टा दिसला तर त्यावर बोटाने काही सेकंद दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरते आहे. दाबूनही लाल रंग तसाच राहिला तर ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची, पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळा रंग, गरम किंवा गार लागणारी, टणक किंवा लिबलिबीत झालेली जागा शोधा. अशी जागा सापडली की तिच्यावर भार देणे लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. या टप्प्यावर ती भरून येते. खोल जखम झाली तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग करावे लागते, प्रसंगी ऑपरेशनही लागते.

त्या जागेला चोळू नका. स्पिरिट लावून पाठ चोळून मग पावडर मारण्याची जुनी पद्धत अजून अनेक घरांत दिसते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, चोळण्याने आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि पावडरीचे ओले गोळे सांदीत बसतात. साध्या पाण्याने व सौम्य साबणाने पुसून, टिपून कोरडे करा आणि डायपरच्या भागाला झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेली लावा. माकडहाडाखाली रबरी रिंग ठेवणे आणि टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवणे हेही सोडून द्या. रिंगच्या काठावर नवा दाब येतो आणि मधल्या भागाचे रक्त आणखी अडते. हातमोजा जागेवर राहत नाही आणि दाबही नीट वाटत नाही.

कूस किती वेळाने बदलायची?

साध्या गादीवर दर दोन तासांनी, हा नियम धरून चला. रात्री जागणारी तुम्ही एकटीच असाल तर हे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधील वृद्धांची पाहणी झाली. जास्त घनतेच्या चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या गटांमध्ये जखमांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणून गादी चांगली असेल, कातडीवर एकही चट्टा नसेल आणि तुमच्या डॉक्टरांची संमती असेल, तर रात्रीचे अंतर थोडे वाढवता येते. घरातल्या कापसाच्या दबलेल्या गादीला मात्र ही सवलत नाही. रुग्ण फार कृश असेल, मधुमेही असेल किंवा त्याला आधीच जखम असेल, तरीही नाही.

एअर बेड घेतला की कूस बदलायची गरज उरत नाही, हा समज मला ओपीडीत वारंवार भेटतो. एअर बेडमुळे धोका कमी होतो, संपत नाही. त्याची हवा नीट भरली आहे का, हे रोज पाहा. माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात सरकवला की रुग्णाचे हाड हाताला टेकता कामा नये. वर जाड गोधडी आणि दोन-तीन चादरी घातल्या तर त्या गादीचा उपयोगच राहत नाही. एक पातळ सुती चादर पुरे.

झोपवण्याच्या पद्धती

पूर्ण कुशीवर, म्हणजे काटकोनात, झोपवले की सगळा भार खुब्याच्या एका हाडावर येतो. त्यापेक्षा साधारण ३० अंश कलते झोपवा. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत लोड किंवा घट्ट गुंडाळलेले ब्लँकेट लावा आणि रुग्णाला त्यावर रेलू द्या. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी हवीच. बरोबर झाले का हे तपासायला हात माकडहाडाखाली सरकवून पाहा. हाड गादीला टेकलेले नसावे.

पक्षाघातात लुळ्या बाजूची मांडणी महत्त्वाची असते. लुळी बाजू वर ठेवून झोपवत असाल तर तो हात छातीसमोर उशीवर, खांद्याच्या उंचीला ठेवा. मनगट उशीच्या काठावरून लोंबकळत राहू देऊ नका. तो पाय थोडा पुढे घेऊन गुडघ्यात किंचित वाकवा आणि पावलासकट उशीवर ठेवा. लुळ्या बाजूवर झोपवायलाही हरकत नाही, पण खांद्याचे पाते हलकेच पुढे घ्या. रुग्ण थेट खांद्याच्या टोकावर पडता कामा नये. हात समोर पसरलेला, तळवा वर ठेवा. त्या बाजूला संवेदना कमी असते, म्हणून या स्थितीत कमी वेळ ठेवा.

उताणे झोपवताना लुळ्या खांद्याखाली पातळ उशी आणि हाताखाली दुसरी उशी ठेवा. लुळा पाय बाहेर कलंडतो, तो सरळ राहण्यासाठी खुब्याच्या बाजूला घडी घातलेला टॉवेल लावा. टाचा अधांतरी राहतील अशा रीतीने पोटऱ्यांखाली लांब उशी ठेवा. नुसती गुडघ्याखाली गोल उशी ठेवून दिवसेंदिवस ठेवले तर गुडघे वाकलेल्या स्थितीत आखडतात. पायांवरचे पांघरूण गादीखाली घट्ट खोचू नका, पावले खाली दाबली जाऊन तशीच राहतात. मूठ वळलेल्या हातात रबरी चेंडू देण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. बोटे आधीच आखडत असतील तर चेंडूने ती आणखी आवळतात. फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका.

उशाकडची बाजू जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा जास्त उंच ठेवू नका. आधी गुडघ्यांचा भाग थोडा उंच करून मग डोके वर केले तर रुग्ण घसरत नाही. फाउलर बेडच्या दोन हँडल्सचा हाच उपयोग आहे. तो बेड भाड्याने मिळतो आणि रुग्ण फार दिवस झोपून राहणार असेल तर ते भाडे वसूल होते, असे माझे मत आहे.

कुशीवर वळवताना

आधी रुग्णाला सांगा : "बाबा, आता तुम्हाला खिडकीकडे वळवतोय." बोलता येत नसले तरी बऱ्याच रुग्णांना कळत असते, निदान आवाजाचा रोख तरी कळतो. न सांगता वळवले की माणूस घाबरतो, अंग ताठ करतो आणि तुमच्या हाताला जड लागतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. वयस्कर माणसाची कातडी कागदासारखी असते, एका ओरखड्याने सोलते. लघवीची पिशवी असेल तर ती आधी त्या बाजूला न्या. नळी अंगाखाली येता कामा नये आणि पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहिली पाहिजे.

ज्या बाजूला वळवायचे त्या बाजूला तुम्ही उभे राहा. रुग्णाला आधी दुसऱ्या काठाकडे थोडे सरकवून घ्या, म्हणजे वळल्यावर तो पलंगाच्या मधोमध येईल. त्या काठाला भिंत, कठडा किंवा दुसरा माणूस हवा. तुमच्या जवळचा त्याचा हात अंगाखाली येणार नाही असा बाजूला घ्या, लांबचा हात छातीवर ठेवा आणि लांबचा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. आता तुमचा एक हात त्याच्या लांबच्या खांद्यामागे आणि दुसरा खुब्यावर ठेवा. एक पाय पुढे, एक मागे ठेवून, "एक, दोन, तीन" म्हणत तुमच्या शरीराचा भार मागच्या पायावर न्या. रुग्ण तुमच्याकडे वळतो. हाताने ओढायचे नसते, अंगाचा तोल मागे नेला की पुरते. वाकवलेला गुडघा तरफेसारखे काम करतो, म्हणून लहान चणीच्या बाईलाही हे जमते.

वर सरकवताना

उशाकडे सरकवताना रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुहेरी घडीची मजबूत चादर अंगाखाली असू द्या. ती कायमच तिथे ठेवली तरी चालते, फक्त सुरकुत्या नकोत. पलंगाचे डोके खाली आणा आणि उशी काढून भिंतीकडे उभी करा. दोघांनी दोन बाजूंना उभे राहून चादरीच्या कडा रुग्णाच्या अंगालगत येईपर्यंत गुंडाळून धराव्यात. रुग्णाला जमत असेल तर हनुवटी छातीकडे घ्यायला आणि चांगला पाय वाकवून टाच रेटायला सांगा. मग तिनाच्या आकड्याला दोघांनी एकदम सरकवा. टाचा चादरीबाहेर घासत येतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

एकटे असाल आणि रुग्ण काहीच मदत करू शकत नसेल, तर दुसरा माणूस येईपर्यंत थांबा. तोवर त्याला जरा खाली घसरलेल्या स्थितीत कुशीवर केले तरी चालेल. वॉचमनला, शेजाऱ्याला हाक मारायला संकोच करू नका.

पलंगावरून खुर्चीत

झोपलेल्या माणसाला उठवून लगेच उभे करू नका. बऱ्याच दिवसांनी उठल्यावर रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडून बसते करा आणि काठावर दोन-तीन मिनिटे बसू द्या. या वेळात समोरून हलू नका. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया यायला लागल्या तर परत झोपवा.

खुर्ची किंवा व्हीलचेअर रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा. ब्रेक लावा, पायटेकू बाजूला करा. ब्रेक राहून गेल्याने होणारे अपघात सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखे असतात. हात नसलेली प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, ओल्या फरशीवर ती सरकते. रुग्णाच्या पायात मोजे असतील तर काढा. लांब गाऊन किंवा लुंगी वर खोचा, आणि तुमचा पदर किंवा ओढणीही.

रुग्णाची पावले जमिनीला पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे हवीत. तुम्ही समोर, गुडघ्यात वाकून उभे राहा आणि तुमच्या गुडघ्याने त्याचा लुळा गुडघा समोरून अडवा, म्हणजे तो मुडपणार नाही. तुमचे हात त्याच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्यावर असावेत. असा पट्टा सर्जिकल दुकानात मिळतो. पोटाचे ऑपरेशन झालेले असेल किंवा पोटात नळी असेल तर पट्टा बांधण्याआधी विचारा. आता त्याला पुढे झुकायला सांगा, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके. बहुतेक जण इथे उलट करतात. रुग्ण मागे रेललेला असताना त्याला वर खेचतात आणि सगळे वजन स्वतःवर घेतात. पुढे झुकल्यावर माणसाचे बूड आपोआप हलके होते. पुरते उभे करायचीही गरज नाही. बूड उचलले गेले की छोटी पावले टाकत वळा, त्याच्या पायांना खुर्ची लागली की हळू खाली बसवा.

लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही उचलू नका. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांधा नुसत्या बंधांवर लोंबकळतो. एका हिसक्याने तो निसटतो, आणि खांद्याचे दुखणे पुढे कित्येक महिने व्यायामात अडथळा आणते. रुग्णाला तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका. तोल गेला तर तुमची मान सापडते.

खुर्चीत बसल्यावर लुळा हात मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवा. धोका जास्त असलेल्या रुग्णाला सलग तासाभरापेक्षा जास्त बसवू नका. बसलेला असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला पुढे किंवा बाजूला झुकवून बुडावरचा भार हलका करा.

दिवाण फार बुटका असेल तर रुग्णाला उठवणे दुप्पट अवघड होते. बसल्यावर गुडघे काटकोनात येतील आणि पावले टेकतील इतकी उंची बरी. लाकडी ठोकळ्यांनी पलंग उंच करायचा असेल तर सुताराकडून खोबण असलेले ठोकळे करून घ्या. विटांवर पलंग ठेवू नका. जमिनीवरच्या गादीवर ठेवलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्याची पाठ काही आठवड्यांतच दुखू लागते.

पडू लागला तर

त्याला झेलायचा प्रयत्न करू नका. एक पाय पुढे करा, त्याला अंगाशी धरून तुमच्या मांडीवरून घसरत जमिनीवर बसू द्या आणि डोके सांभाळा. पडल्यावर घाईने उचलू नका. डोक्याला मार, शुद्ध हरपणे, खुब्यात तीव्र वेदना, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणे, यांपैकी काहीही असेल तर त्याला हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवा.

जेवताना आणि नळीतून अन्न देताना

झोपवून पाणी पाजणे धोक्याचे आहे. पक्षाघातात गिळणे बिघडलेले असते, अन्न फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. पूर्ण ताठ बसवा, मागे उशा लावा, हनुवटी किंचित खाली ठेवा. जेवणानंतर किमान अर्धा तास बसलेले राहू द्या. नाकातल्या नळीतून देत असाल तर डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी, आणि नंतरही तासभर तशीच. कूस बदलणे, डायपर बदलणे ही कामे फीड देण्याआधी उरका. जेवताना ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा, ओला येत असेल तर तोंडाने देणे थांबवून डॉक्टरांना विचारा.

ज्यांना हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत

खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाचा पाय काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, पायावर पाय टाकू नये आणि पाय आत वळू देऊ नये, असे बऱ्याच ऑपरेशनांनंतर सांगतात. वळवताना दोन्ही पायांत जाड उशी ठेवतात. नियम ऑपरेशनच्या पद्धतीनुसार बदलतात, म्हणून तुमच्या सर्जनकडून लिहून घ्या. मणक्याला इजा असेल तर डोके, खांदे आणि कंबर एका ओळीत ठेवून ओंडक्यासारखे एकदम वळवावे लागते. त्याला किमान तीन माणसे लागतात आणि ते शिकल्याशिवाय करू नये.

एक पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली तर तेल लावून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालयात न्या. लुळ्या बाजूला गरम पाण्याची पिशवीही लावू नका, भाजलेले रुग्णाला कळत नाही.

रुग्णाला घरी नेण्याआधी वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टना किंवा सिस्टरना सांगा, "मी करतो, तुम्ही पाहा." त्यांच्यासमोर स्वतः एकदा कूस बदला आणि एकदा खुर्चीत बसवा. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रण करून ठेवा. घरी ब्यूरोतर्फे मावशी किंवा दादा येणार असतील तर त्यांनाही ते दाखवा आणि कूस बदलल्याची वेळ, कुठल्या बाजूवर झोपवले आणि कातडी कशी दिसली, हे एका वहीत लिहायला सांगा. पुढच्या तपासणीला येताना ती वही सोबत आणा.